डावा शंभर, उजवा बेचाळीस

नवे स्पीकर नांदेडहून आले, एस.टी.च्या पार्सलात.
सुतळीची गाठ दातानं सोडली.
दोन काळे ठोकळे, वर पातळ प्लास्टिक,
ते अजून काढलेलं नाही.

बसवराज आणि शिवलीलाच्या लग्नाची फाईल लावली.
मंगलाष्टकं डावीकडून आली, सगळीच्या सगळी.
उजवीकडं नुसतं
लांबच्या खोलीत कुणी भांडी लावावीत
तसं काहीतरी.

काबराला फोन केला.
'आवाज यायलाय न्हवं?'
'यायलाय.'
'मग?'
'एकीकडूनच जास्ती यायलाय.'
'टेबल सरकवून बघा ताई,' म्हणाला
आणि फोन कानाला तसाच धरून
कुणाचे तरी सुट्टे मोजायला लागला.

टेबल सरकवलं. फरशीवर दोन ओरखडे उठले.
आवाज होता तिथंच.

मग पिना. हिरवी पिन हिरव्या भोकात,
एवढं मला कळतं, अकरा वर्षं उदगिरात
लग्नांच्या कॅसेटी, मग सीड्या, आता पेनड्राइव्ह करते.
तरी काढली, ओढणीनं पुसली, फुंकली,
कट् होईस्तोवर दाबली.
काही नाही.

वायरींची अदलाबदल केली.
मघाशी पुटपुटणारा ठोकळा एकदम ओरडला
आणि ओरडणारा पुटपुटायला लागला.
म्हणजे दोघंही निर्दोष.
मोबाईलला जोडले, तर दोघं अगदी जुळे भाऊ.
म्हणजे खोट आत, कॉम्प्युटरच्या पोटात.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या इवल्या कर्ण्यावर
उजवं बटण दाबलं, एक खिडकी, तिच्यात दुसरी,
तिच्यात तिसरी, मी कधी इतकी आत गेले नव्हते.
तिथं दोन पट्ट्या होत्या.
डावा शंभर.
उजवा बेचाळीस.

चाळीस नाही. पन्नास नाही.
बेचाळीस.
हे आपोआप होत नाही.
कुणीतरी डोळे मिटून बसलेलं असणार,
एकेचाळीस, त्रेचाळीस, परत बेचाळीस.

नईम.

जुन्या जोडीतला डावा उंदरानं कुरतडला होता.
त्यानं पडद्याच्या भोकाला
उरलेल्या लग्नपत्रिकेचा तुकडा चिकटवला,
सोनेरी अक्षरांत 'आपले नम्र' एवढंच दिसायचं.
मी म्हणाले, झालं का रे?
तो म्हणाला, हो गया दीदी.
ते 'हो गया' म्हणजे फक्त चिकटवणं
असं मी समजत राहिले.
चार वर्षं दोन्ही कानांना सारखं ऐकू यायचं
आणि मला वाटायचं, स्पीकर चांगला आहे.

गेला तेव्हा पगारातल्या आठशेवरून बोलणं झालं.
माझंच जास्ती.

उजव्याला शंभरवर नेलं.
मंगलाष्टकं सरकत सरकत
टेबलाच्या मधोमध आली,
जिथं स्पीकर नाहीच, फक्त कात्री
आणि साय धरलेला चहाचा कप.
तिथून स्वामी खणखणीत 'सावधान' म्हणाले.
मी दचकले.

हैदराबादला फोन लावला.
मागं कसलं तरी मशीन धडधडत होतं.
'जरा जोर से दीदी, एक कान दाब के खडा हूं.'
म्हटलं, नवे स्पीकर आणलेत.
तो थोडा थांबला.
'फिर तो वो उल्टा लगेगा. ठीक कर लिये?'
केलं.
'और वो चूहे वाला? फेंक दिये?'
नाही, म्हटलं.
खरंच नाही. टेबलाखाली आहे,
मी त्यावर पाय ठेवून बसते.

आठशेचा विषय त्यानं काढला नाही.
मीही नाही.

दिवसभर आवाज मधोमध राहिला.
संध्याकाळी देवणीचे लोक येऊन पेनड्राइव्ह घेऊन गेले.
रात्री शटर ओढलं
ते अर्ध्यावर आलं आणि तसंच एका हातानं धरून
दुसऱ्या हातानं
मी मोबाईल काढला.