कडाकसची नाडी

मेलं म्हणतात.
दर हिवाळ्यात कुणीतरी म्हणतंच,
जसं खाडीत बर्फ धरायला लागलं की म्हणतात, यंदा बोटी बंद.
कडाकस मेलं.
शेवटचा बदल अकरा महिन्यांपूर्वीचा,
नवे हात शून्य,
आणि नाव असं, की शोधायला जावं
तर आधी झुडपंच सापडतात.

झुडूपच आहे ते. आमच्या बेटावर दगडात उगवतं,
माणसाच्या कमरेला यायला पन्नास वर्षं घेतं.
त्याच्या लाकडाची लोण्याची सुरी
मी लग्नापासून वापरतेय.
नवरा गेला, सुरीचा वास गेला नाही.

मी तिकिटाच्या खिडकीवर बसते, हेल्तरमाच्या धक्क्यावर.
संगणकाच्या पोटातलं मला कळत नाही.
एवढंच कळतं, की सहाची बोट
पडद्यावर सहाची दिसते,
आणि वाऱ्याने रद्द झाली
तर मी कोट काढायच्या आत रद्द दिसते.
एकोणीस वर्षं.

त्यामागे हेल्वी.
पूर्वी ग्रंथालयात होती, पुस्तकांच्या पाठी चिकटवायची.
अजूनही तेच करते, म्हणते.
हे काम येणारी माणसं जगात उरली किती,
विचारलं तर बोटं मोजते
आणि एकाच हातावर थांबते.
एक पोर्तुगालात, तो आता मधमाश्या पाळतो.
एक उत्तर देत नाही.

मार्चमध्ये ताल्लिनहून काउर आला,
बर्फात न चालणारे बूट घालून.
नगरपालिकेच्या भिंतीवर त्याने आलेख टाकला:
रेघ डोंगर उतरत, उतरत,
तळाशी जाऊन आडवी.
"इस्पितळात अशी दिसली असती," तो म्हणाला,
"तर आपण नातेवाईकांना बोलावलं असतं."
लोक हसले. मीही हसले.
मग हेल्वीकडे पाहिलं.

वाटलं, भांडेल.
ती म्हणाली, बरोबर आहे.
म्हणाली, गुडघे गेलेत, डोळे चाललेत,
उद्या मी धक्क्यावर घसरले
तर तुमच्या बोटी कोण लावील, मला माहीत नाही.
आणि कॉफीत साखर ढवळत बसली,
साखर केव्हाच विरघळली होती तरी.

मग पिशवीतून तिने एक पत्र काढलं.
मोन्तेविदेओची कुठलीशी रक्तपेढी.
आम्ही बारा वर्षं कडाकस वापरतो.
कधी लिहिलं नाही, कारण कधी बिघडलं नाही.
परवा ऐकलं, ते मेलं.
आज सकाळी तर त्याने एकशे चाळीस पिशव्या नोंदवल्या.
कुणाला विचारावं कळेना, म्हणून तुम्हाला.

काउरने दोनदा वाचलं.
"पण हे लोक आलेखात नाहीत."
"नाहीत," हेल्वी म्हणाली,
"धडधाकट माणूस डॉक्टरच्या वहीत नसतोच."

ठराव झाला नाही. पानगळीत पुन्हा बघू.
मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं म्हणतात;
पण खोटी किती नि खरी किती,
त्या खोलीत कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं.

त्याच शनिवारी रात्री घड्याळं पुढे सरकायची होती.
मागे एकदा याच रात्री
पहिली बोट पडद्यावरून नाहीशी झाली होती,
आणि धक्क्यावर दूधवाला शिव्या घालत उभा.
हेल्वी कार्यालयात जागी, पाय हीटरवर.
मीही बसले, घरी तरी कोण आहे.
तीन वाजायचे ते एकदम चार झाले.
मधला तास कुणीतरी गिळला.
पडद्यावर सहा. सहाच.
"काय झालं?"
"काही नाही झालं!"
एवढ्या आनंदाने 'काही नाही' म्हणताना
मी आजवर कुणाला ऐकलं नव्हतं.

पहाटे तिच्याकडे काहीतरी येऊन पडलं.
कुताइसीहून, नात्या नावाच्या मुलीकडून,
आमच्या कुणाच्या ओळखीची नाही.
मदतपुस्तिकेत एक शब्द चुकला होता, सात वर्षं.
तिने एक अक्षर बदललं होतं.
हेल्वीने चष्मा पुसला, ते अक्षर घेतलं,
आणि बराच वेळ त्याच पानावर राहिली.

काउरच्या रेघेला आता एवढंसं टेंगूळ येईल.
भिंतीवर दिसणारही नाही.

मी खिडकी उघडली.
गाड्या लागल्या होत्या,
कुणीतरी हॉर्न वाजवत होतं.