मागच्या सीटचं वजन

वादी कबीरला, टायरवाल्यांच्या गल्लीत
संध्याकाळचे सहा, आणि हवा अजून चाळिशीला चिकटलेली.
दिलमुराद बलूशीनं माझ्या बाइकची शेपूट
तळव्यानं दाबली, सोडली.
ती वर आली, खाली गेली, पुन्हा वर,
नंदीबैलासारखी हो हो करत राहिली.
"तेल कधीच गेलंय. नुसत्या स्प्रिंगवर चालवतोयस.
एकटाच बसतोस म्हणून निभावलं."

खरं होतं. मागच्या सीटवर अकरा वर्षांत बसले ते
गॅसचा सिलिंडर, एसीचे फिल्टर,
आणि एकदा तापानं फणफणलेला सुब्बय्या.
कुणीच तक्रार केली नाही.

त्यानं फळीवर तीन जोड्या मांडल्या.
पहिली पिवळीधमक, पाठीवर गॅसची लाल डबी,
मुंडावळ्या बांधायच्या तेवढ्या राहिलेल्या.
"ही पोरांची. तुझा एकेक मणका मोजून हातात देईल."
दुसरी मऊ, स्वस्त. दोघं बसले
की पहिल्याच गतिरोधकाला बूड टेकणार.
तिसरी काळी. पेटीही नव्हती तिला.
"दबते कुठलीही. परत कशी येते ते बघ."
त्यानं अंगाचा भार टाकला, काढून घेतला.
ती सावकाश उठली,
दुपारची झोप पुरी झालेल्या माणसासारखी.

"तुझं वजन?"
"एक्क्याऐंशी."
"मागे कोण?"
"बायको. गुरुवारी येतेय, तीन महिन्यांसाठी.
मणक्यात गॅप आहे तिच्या."
"तिचं किती?"

मी स्टोअरकीपर. कंप्रेसर, तांब्याची नळी,
वाळू लागलेला शेवटचा नटसुद्धा
मला वजनानिशी पाठ.
कुडाळला फोन लावला.

"कित्याक ओ? विमानात माणसां मोजून चढवतत?"
गाडीच्या शॉकसाठी, म्हटलं.
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
"सत्तर."
मग जरा थांबून,
"तुमी गेलात तेवा बावन होतंय."

अठरा किलो.
एवढी आवक, आणि माझ्या कुठल्याच वहीत नोंद नाही.
दर सुट्टीला तीस दिवस गेलो,
तेही आंबे आणि लग्नं यांच्यात उसळून परत आलो.

शेजारून बासमतीचं चाळीसचं पोतं आलं,
वर पाण्याच्या दोन कॅन, पंधरा-पंधराच्या.
त्यानं दोरीनं सगळं माझ्या पाठीशी आवळलं,
टेप धरली आसापासून सीटखालच्या बोल्टापर्यंत.
कॉलर एक खाच वर. मोजलं. अजून एक.
"चक्कर मारून ये."

मशिदीसमोर तीन गतिरोधक.
पहिल्यावर सवयीनं फुटरेस्टवर उभा राहिलो.
दुसऱ्यावर बसून राहिलो.
तिसऱ्यावर मान वळवून विचारलं,
"लागलं का गं?"
पोत्यानं काहीच उत्तर दिलं नाही.

परतल्यावर दिलमुरादनं आकड्याचा पाना दिला,
त्याचे पैसे लावले नाहीत.
"ती बसली की तिला विचार, एक खाच इकडेतिकडे कर.
तांदूळ खरं सांगत नाही."

दोर सोडला. कॅन उतरल्या, पोतं उतरलं.
गाडीची शेपूट
घाई न करता
दोन बोटं वर आली.