डोळ्यात भरू नये

फाल्क म्हणाला, आत्या, सगळं तयार मिळतं,
आपण फक्त नाव घालायचं.
बटण दाबलं आणि उभी राहिली की साइट,
लाउशातल्या ह्या आमच्या घराचं
एक दारसुद्धा एवढ्या वेळात बसलं नसेल.

पहिल्याच पानावर एक बाई, हातात कॉफीचा मग,
मागे समुद्र. आमच्याकडे समुद्र नाही.
मी आधी तिचे डोळे पाहिले. सवय.
डावा उजव्याहून जरासा फिका,
बुबुळाच्या कडेला करडा धागा.
दीड तासात झाला असता, असं मनात आलं,
आणि मग तिला पुसून टाकायला मला दोन दिवस लागले.

खाली चौकट: इथे स्वतःबद्दल लिहा.
लिहिलं.
विल्ट्रूड. काचेचे डोळे करते. अडतीस वर्षं.
चौकट अर्धीसुद्धा भरेना.
तिच्या तळाशी कुठल्याशा मेलेल्या भाषेतल्या
चार ओळी जागा अडवून पडल्या होत्या.
राहू दिल्या काही दिवस.
कोणी पाहिलंच तर वाटेल, बाई शिकलेली आहे.

थीमच्या जाहिरातीत होतं,
डोळ्यात भरेल अशी रचना.
इथं आमचं बिनसलं.
माझा माल खोबणीत भरतो;
डोळ्यात भरला की वाया गेला.
दुधी काचेची नळी ज्योतीवर फिरवत फुगवायची,
लाल काचेच्या केसाएवढ्या तारेनं शिरा काढायच्या,
थोड्या वेड्यावाकड्या, रात्री झोप न झाल्यासारख्या,
हे सगळं कशासाठी,
तर बेकरीच्या रांगेत कुणी दुसऱ्यांदा वळून पाहू नये.

आणि ह्यांना हवेत दोन फोटो, 'आधी' आणि 'नंतर'.
'आधी' कुणी काढू देत नाही.
'नंतर'मध्ये बघण्यासारखं काही उरत नाही.
काढून टाक मग चौकटी, फाल्क म्हणाला.
काढल्या. पान ओकंबोकं झालं,
आणि पहिल्यांदाच माझं वाटलं.

तयार मालाला नावं ठेवत नाही मी.
बापाच्या कपाटात अजून बत्तीस खण आहेत
तयार डोळ्यांचे, निळे, घारे, तपकिरी.
गिऱ्हाइकाच्या गालाशी एकेक धरून बघायचा
आणि म्हणायचं, हा नाही,
पण ह्याच्यापासून सुरुवात करू.

रंगांच्या खिडकीत निळे तीन.
तीन!
मी वही काढली. यानिक, वय नऊ, येनाहून येतो,
दर वर्षी, कारण खोबण वाढते आणि काच वाढत नाही.
राखाडी निळा, आत पावसाळी हिरवट झाक,
पाचाच्या काट्यापाशी तंबाखूचा ठिपका.
सहा अक्षरांत कुठलाही रंग लिहिता येतो म्हणे.
रात्री एक वाजेपर्यंत अक्षरं बदलत बसले,
एक पुढे, एक मागे,
भट्टीजवळ कांड्या बदलते तशी,
आणि अखेर पानाची पार्श्वभूमी
माझ्याकडे बघू लागली.

आठवड्यानं अपडेट आलं.
सकाळी सगळं पुन्हा आकाशी,
बँकेच्या पावतीसारखं.
फाल्क हसला. मूळ थीमला हात लावायचाच नसतो,
तिचं एक पोर करायचं.
पोरात लिहायचं तेवढंच, जे आईसारखं नाही.
बाकीचं ते आपसूक तिच्याकडून घेतं.
मी म्हटलं, हे मला कुणी आधी का नाही सांगितलं.
तो म्हणाला, कशाबद्दल?

अकरा ओळींचं पोर आहे माझं.
दहा ओळी रंगाच्या, अक्षरांच्या, समासाच्या.
अकरावीबद्दल फाल्कला सांगितलेलं नाही.

काल तो आला, साइट उघडली,
छान झालीय म्हणाला, साधी,
मग खाली उजवीकडे वाकून पाहिलं
आणि बाहीनं स्क्रीन पुसली.
तोंडाची वाफ देऊन
पुन्हा पुसली.