पहार

उत्तर फिनलंडात, आमच्या तळ्यावर
नोव्हेंबरात बर्फ धरतो, आणि माझा बाप, तौनो,
त्याच्यावर कधीच विश्वास ठेवत नाही.
हातात पहार. आधी घाव, मग पाऊल.
ठण्ण वाजलं तर पुढे,
भद्द वाजलं तर आल्या वाटेने मागे,
पलीकडे लग्न असो की मयत.

"घाव घातल्याने बर्फाचा अपमान होत नाही,"
मी सहा वर्षांची असताना तो म्हणाला होता,
"जो पक्का आहे, त्याला काय त्याचं?"

हाच बाप रविवारी प्रार्थनाघरात
टोपी छातीशी धरून बसायचा,
आणि उपदेशक वीलियामी जे म्हणेल त्यावर
सगळा भार टाकायचा. पहारीशिवाय.
टीव्ही पाप. केसांना रंग पाप. नाचणं तर पापच.
आम्ही अकरा भावंडं, देवाने मोजून दिलेली.
अकराव्या खेपेला आईच्या पायांवर
निळ्या शिरांच्या गाठी आल्या,
त्या कुणी मोजल्या नाहीत.

मग आम्ही दहा झालो.

यालमारी. नऊ वर्षांचा.
एप्रिलमध्ये, ओढा तळ्याला मिळतो तिथे.
बैठकीला उशीर होत होता,
बापाने जवळची वाट धरली,
पहार अंगणातच राहिली, भिंतीला टेकून.
यालमारी पुढे धावला.

दफनाच्या दिवशी वीलियामी म्हणाला,
"परमेश्वराने त्याला बोलावून घेतलं."
सगळ्यांच्या माना हलल्या. मी बारा वर्षांची.
मी विचारलं, जरा मोठ्यानेच,
"बोलावलं, की बर्फ पातळ होता?"

हेल्वीकाकूने माझं तोंड दाबलं.
तिच्या हातमोज्याला ओल्या मेंढीचा वास होता.
"श्रद्धेशी असं बोलू नये," ती म्हणाली,
"मान ठेवावा."

मी नाही ठेवला.
हेलसिंकीला गेले, वाद घालायला शिकले.
वर्गात, दारूच्या टेबलावर, एकदा रेडिओवरही
सांगितलं की कुठलंच वाक्य इतकं पवित्र नसतं
की त्याच्यावर घाव घालून बघू नये.
ज्या वाक्यावरून आपण मुलांना चालवतो
ते तर आधी ठोकून बघावं.
लोकांनी टाळ्या वाजवल्या.
माझं बरोबर होतं. अजूनही आहे.

यंदा मार्चमध्ये घरी आले.
रात्री पातळ लाकडी भिंतीपलीकडून
म्हाताऱ्याची प्रार्थना ऐकू आली.
तीत मागणं काही नव्हतं.
अंधारात चष्मा चाचपावा तसं एकच, परत परत:
"तू बोलावलंस. तूच ना. तू बोलावलंस."

तेव्हा कळलं तो कुठे उभा आहे.
चाळीस वर्षं त्या एका वाक्यावर,
आणि वाक्याच्या खाली पाणी नाही,
पहार आहे, अंगणात, भिंतीला टेकलेली.

सांगा आता, माझ्या टाळ्या वाजवणाऱ्यांनो,
कुठे घालू घाव?
आणि हेल्वीकाकू, थडग्यातून तूही सांग,
भद्द आवाज मला स्पष्ट ऐकू येतो,
तर गप्प बसण्याला मान म्हणायचं का?
वीलियामीच्या जागी आता त्याचा मुलगा बोलतो,
तेच वाक्य, दुसऱ्यांच्या मुलांवर.
त्याला मी विचारणार आहे. मोठ्यानेच.
पण हा म्हातारा.

सकाळी जाळं बघायला निघालो.
त्याचे हात थरथरत होते. पहार त्याने माझ्याकडे दिली,
आयुष्यात पहिल्यांदा.
मी हळूच टेकवली, तो मागे आहे म्हणून.
"अशी नाही," तो म्हणाला,
"जोरात. लाजत मारलीस तर दोघंही बुडू."
तो बर्फाबद्दलच बोलत होता. बहुधा.

ठण्ण. पाऊल. ठण्ण. पाऊल.

ओढ्याच्या तोंडाशी आलो
तेव्हा तो थांबला, टोपी काढली,
माझ्याकडे बघितलं नाही.
मी पहार उचलली.
बराच वेळ ती उचललेलीच राहिली.