हा रकाना आवश्यक आहे

कौतोकेइनोत जानेवारीत सूर्य क्षितिजाखाली नुसता खाकरतो.
अकराला थोडं निळं होतं, दोनला संपतं.
तेवढ्यात आन्दारासमामा आला, बूट न झटकताच,
माझ्या टेबलापाशी बसला, टोपी मांडीवर.
लिंक्सनं नेलेल्या पिल्लांची भरपाई
आता कागदावर मागता येत नाही.
फॉर्म मी लिहिलेला. म्हणून शिव्याही मलाच.

किती पिल्लं गेली: तीन.
कुठे: त्यानं एका ओढ्याचं नाव सांगितलं
जे कुठल्याच नकाशात नाही.
मी जवळचं दुसरं टाकलं, त्यानं पाहिलं, बोलला नाही.
कानाची खूण: इथे मात्र खुलला.
डावा कान टोकाशी छाटलेला, मागून दोन खाचा,
उजव्याला एकच, ती आजोबांपासूनची.
अंधारात, धावत्या कळपात
ती खूण तो चाळीस पावलांवरून वाचतो.
माझ्या तक्त्यात असल्या गोष्टीला प्रायमरी की म्हणतात.
त्याच्याकडे ती सुरीनं कोरलेली आहे.

मग तो रकाना.
एकूण रेनडियर किती?

मामानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू भर जेवणात, पाहुण्यांसमोर
मी त्याचं बँकेचं पासबुक मागितलं.
आमच्यात हे विचारत नाहीत.
ठाऊक होतं मला. ठाऊक असूनच
त्या प्रश्नापुढे मी लाल चांदणी लावली होती.

दोन बोटांनी, सावकाश, त्यानं टाइप केलं:
झाडाच्या दोन्ही बाजूंना थोडी थोडी.

चौकट लाल झाली. फक्त अंक टाका.
ही ब्राउझरमधली माझी स्क्रिप्ट, दारावरची पोरगी,
तोंडाळ, पण एका चिमटीत गप्प होणारी.
मी तिला गप्प केलं.
मग सर्व्हरनं अडवलं. त्याला मीच शिकवलंय,
बाहेरून येईल त्यावर विश्वास ठेवू नकोस,
दारावरची पोरगी हो म्हणाली तरी.
त्याचीही अट काढली, सात ओळी.
खाली डेटाबेस, तळघरातला म्हातारा,
न हसता म्हणाला: हा स्तंभ रिकामा राहू शकत नाही.

"शून्य टाकू का?" मी विचारलं.
"शून्य म्हणजे माझ्याकडे काहीच नाही," मामा म्हणाला,
"हे खोटं आहे.
मी सांगत नाही, हे खरं आहे.
तुझ्या यंत्राला या दोहोंतला फरक कळतो का?"

कळतो, मामा. तेवढा एकच फरक त्याला नीट कळतो.
त्याला नल म्हणतात.
मी तळघरात उतरले, स्तंभाची अट सोडवली,
कॉफी गार होईपर्यंत वेळ लागला,
त्यात एकदा चुकीचा तक्ताही बदलला, तो परत केला.
झाकली मूठ झाकलेलीच आत गेली.

पडद्यावर पोच आली, त्याच्या नावासकट.
फक्त आडनावातला शेपटीवाला न
वाटेत कुठेतरी गळला होता,
त्याच्या जागी प्रश्नचिन्ह.
तिघांतल्या कुणीतरी जुनीच अक्षरमाला धरून ठेवलेली.
"बघ," मामा म्हणाला, "आता हाच मला विचारतोय, मी कोण."
आणि खो खो हसला, टोपी खाली पडेपर्यंत.

तो न मी रात्री दुरुस्त केला.
नंतर दक्षिणेतून पत्र आलं:
आपल्या विभागाची बेरीज अपेक्षेपेक्षा कमी भरते.
भरणारच. बेरीज नलवरून गुपचूप उडी मारून पुढे जाते,
आणि त्या पहिल्या रिकाम्या जागेनंतर
निल्लासनं, एलेनं, नदीपलीकडच्या दोघा भावांनी
तीच वाट धरली आहे.

काल त्यांचा फोनच आला.
रिकामे रकाने नेमके किती, मॅडम?

बाहेर कुणाचा तरी कळप बर्फ खरवडत होता,
खुरांचा तो टकटक आवाज खिडकीपर्यंत येत होता.
मी म्हटलं,
झाडाच्या दोन्ही बाजूंना
थोडे थोडे.