पिवळी ओळ

वर्षातून एकदा मी माझ्याच गावाला परकी होते.
हातात एक पुठ्ठा, पुठ्ठ्याला चिमटा,
चिमट्यात अकरा पानं.
वाइतुआत चौतीस घरं, दोन हजारांवर माड,
आणि प्रत्येक दारात कुणी आत्या, कुणी मामी,
जिला मी विचारायचं, जणू कालच जहाजातून उतरले :
तुमच्या जमिनीत रसायन पडलं का?

पान तीन, प्रश्न सात : हद्दीपासून अंतर.
मी पावलांनी मोजते. माझी बारा पावलं म्हणजे दहा मीटर,
ऑडिटरने एकदा टेप लावून खात्री केली आहे.
पान पाच : दाब कोण ओढतं, तिला मजुरी वेगळी मिळते का.
पान आठ : वरचा न्याय्य पैसा कशावर खर्चायचा
हे कुणी, कुठे बसून ठरवलं.
(पाण्याची टाकी. चर्चच्या मागे, रात्री अकरापर्यंत.
लेआवा दोनदा उठून निघाली, दोनदा परत बसली.
लिहायला जागा दीड ओळ.)

फियाउला आत्याकडे मी शेवटी जाते,
कारण तिथे जेवल्याशिवाय सुटका नाही.
खोबऱ्याचा कीस तापल्या पत्र्यावरून
कधी उचलायचा, हे तिनेच शिकवलं :
मूठ दाबायची, उघडायची;
ना ढेकूळ राहिलं, ना पीठ झालं, तेव्हा.
जरा उशीर, की तेलाला करवंटीचा जळका वास
आणि मग ते हॅम्बुर्गला नाही, दिव्यात.

घरामागे, आळूच्या कडेने,
एक रेघ.
गवत पिवळं. बाकी सगळं हिरवं असताना
कुणी पट्टी धरून आखावं तसं.
ऊन असं सरळ जाळत नाही.
डुकरं असं सरळ चरत नाहीत.

मी आत्याकडे पाहिलं नाही, पुठ्ठ्याकडे पाहिलं.
नाताळात एनोसा आला होता ऑकलंडहून.
मावशीची कंबर धरलीय म्हणून
पाठीवर डबा बांधून
तिची दोन आठवड्यांची खुरपणी
एका सकाळीत उरकून गेला.
मायेनेच. जाताना तिने त्याला चटई दिली,
आठ महिने विणलेली.

रेघेपासून बारा पावलांच्या आत एकोणीस माड.
पावलं थोडी आखूड टाकली असती
तर नवाची बारा झाली असती.
पाय माझे आहेत, कुणाला कळतंय?
(ऑडिटरला. टेप लावून.)

"छत्तीस महिने," मी म्हणाले.
ती काही न बोलता आत गेली.
वाटलं, ताटं घ्यायला.
आली ती तांबड्या रंगाचा डबा घेऊन,
होडीला लावून उरलेला,
आणि पहिल्या माडाच्या पोटाला पट्टा ओढला.
"तू धर," म्हणाली,
माड जसा काही पळून जाणार होता.
मी धरला.
अकराव्या माडाला रंग आटला. तिने त्यात रॉकेल ओतलं.
मी म्हटलं, आत्या, रॉकेलही रसायनच.
ती हसली नाही.
सोळाव्या माडाला हसली.

"यांचे नारळ?"
"डुकरांना. आणि एनोसाला, पुढच्या नाताळात."

जेवताना मासा मोडत तिने विचारलं :
तिकडे ज्या बाया हे तेल केसांना लावतात,
त्यांच्या घरी जातं का कुणी असा पुठ्ठा घेऊन?
कडेकडेने मोजतं का, कुठपर्यंत काय पडलं?
मी अकरा पानं चाळली. मग उगाच परत चाळली.

सही करायला तिने हात धुतले,
पण तिचे हात धुऊन तेवढ्याने निघत नाहीत.
कागदाच्या कोपऱ्यात अंगठ्याएवढा डाग पडला,
पसरला, थांबला,
आणि त्यातून खालच्या पानावरची ओळ
स्वच्छ दिसू लागली :
काही तक्रार असल्यास.