ऐंशी शब्दांत

समितीनं ठरवलं: माणशी ऐंशी शब्द,
एक फोटो, पासपोर्ट आकाराचा.
जन्म, शिक्षण, कार्य, सन्मान, निधन, याच क्रमानं.
चोपड्याच्या वाचनालयाची शंभरी,
आणि तालुक्यातली थोर माणसं
माझ्या निवृत्त टेबलावर येऊन बसली,
कुणी पाकिटातून, कुणी पिशवीतून,
कुणी नुसतंच कुणाच्या तरी बोलण्यातून.

सुपडू वायकोळे, पैलवान, चहार्डी.
मुलानं आणलेला फोटो उभा कापलेला.
शेजारी हरलेला गडी होता म्हणे,
त्याचं पुस्तकात काय काम?
पण कात्री खांद्यापाशी चुकली होती.
फेटा, गदा, मिशा,
आणि खांद्यावर कुणाचा तरी हात,
चार बोटं, एका बोटात तांब्याचं वळं.
नाव काय त्या गड्याचं? मी विचारलं.
बाबा शेवटी शेवटी त्यालाच हाका मारायचे,
मुलगा म्हणाला,
तोंडात दात नव्हते, नाव काही कळलं नाही.

डॉ. कुमुदिनी पाचपांडे यांच्या पदव्यांतच
एकाहत्तर शब्द गेले.
उरलेल्या नवांत त्यांना बसवलं:
जन्म लासूर. धाकटा भाऊ बुडाला,
म्हणून विहिरीत पोहायला शिकल्या.

त्र्यंबक नेहेते सरांचं गणित
परदेशी मासिकात छापून आलं तेव्हा
पोरांनी त्यांना बैलगाडीतून मिरवलं होतं.
बारा वर्षांनी, दहावीचे पेपर तपासता तपासता
सरांना त्यात स्वतःचीच चूक सापडली.
उन्हात पोस्टात गेले,
मासिकाला रजिस्टर पत्र टाकलं,
पावती चष्म्याच्या घरात जपली.
समिती म्हणाली, हे नको, शोभत नाही.
मी म्हणालो, यांचं सगळ्यात मोठं काम हेच.
अध्यक्षांनी चहा मागवला.
ओळी गेल्या. एकोणीस शब्द मोकळे झाले.

ते एकोणीस मी ठगूबाईला दिले.
ठगूबाई भिल, सुईण.
सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा असा नाही
जिथला कुत्रा तिच्यावर भुंकायचा.
बाळंतपणं किती? आकडा द्या.
ती प्रत्येक बाळामागं कुडाच्या भिंतीवर
कोळशाची एक रेघ ओढायची,
जगलं तर उभी, नाही तर आडवी.
घरकुल मंजूर झालं, कूड पाडला.
आकड्याच्या जागी मी लिहिलं: भिंतभर.
प्रुफात कुणीतरी त्याचं 'असंख्य' केलं.
मी पुन्हा भिंतभर केलं.

मेहमूद पेंटर यादीत नव्हताच.
पाट्या रंगवणं म्हणजे काही कार्य नव्हे.
पण चाळीस वर्षं या गावचं अक्षर त्याचं होतं,
त्यातही ळ.
दोन गोल पोटं, आणि शेवट असा वळलेला
जसं मांजर उन्हात शेपूट गुंडाळून बसावं.
आता सगळा फ्लेक्स.
एकच पाटी उरली आहे जुन्या बाजारात,
गूळ व शेंगतेल.
त्याच्या स्वतःच्या नावात ळ नाही
हे मला त्याच्या जनाज्यामागं चालताना सुचलं,
आणि तेव्हा ते सुचल्याची लाज वाटली.
शेवटच्या पानावर, शुद्धिपत्राखाली,
मी बारीक टाइपात घुसवलं:
अक्षर, मेहमूद पिंजारी.
खोटं आहे. अक्षर कॉम्प्युटरचं आहे.

प्रकाशन झालं. शाली संपल्या.
चौथ्या दिवशी एक मुलगी आली,
पायात चिखल, हातात दहाच्या दोन नोटा.
ठगूबाईची नात.
बोट ठेवून ठेवून वाचलं तिनं,
भिंतभरपाशी बोट थांबलं.
मग किंमत पाहिली, दोनशे.
पुस्तक नको माले, म्हणाली,
मनी आजीनं पान तितलं फाडी द्या.

बत्तीस वर्षं मी पानं फाडणाऱ्यांना दंड केला.
पट्टी लावली, अलगद फाडलं,
वीस रुपये परत दिले.
ती घडी न करता घेऊन गेली.
मागच्या बाजूला सुपडू पैलवान होते,
तेही गेले तिच्याबरोबर,
खांद्यावरच्या हातासकट.